मोटारीचा ताप

घरांतील लहान मुलाचें अंग कढत लागलें म्हणजे शहाणी आई त्यास लागलीच गार पाण्याच्या घंगाळांत बसवीत नाहीं. ती कपाळाला हात लावून पाहते, ताप मोजते, पोरानें सकाळपासून काय खाल्लें, खोकला आहे काय, पोट दुखतें काय, अशी चौकशी करते. कारण ताप हा स्वतः रोग नसून कुठल्या तरी रोगाचें लक्षण आहे हें तिला ठाऊक असतें. परंतु तीच आई किंवा तिचे पदवीधर यजमान मोटारीचें चाक हातीं घेऊन बसले, कीं हें शहाणपण घरीं राहतें. समोरचा कांटा तांबड्या रेघेकडे सरकला असतां "थोडेंच राहिलें आहे, पोंचूं" म्हणून गाडी तशीच दामटावयाची, नाहीं तर खालीं उतरून पाण्याची बाटली घेऊन इंजिनाकडे धांवावयाचें, हे दोनच उपाय बहुतेकांस सुचतात. गेल्या वैशाखांत आम्हांसहि हेच दोन सुचले, आणि ते आम्हीं एकामागून एक दोन्ही करून पाहिले. त्यांत काय चुकलें हें पिंपरी पेंढार येथील एका वृद्ध मिस्त्रींनीं आम्हांस एका दुपारींत शिकविलें. तें आमच्या वाचकांस, विशेषतः सुटींत मुलाबाळांसह घाट चढून जाणाऱ्यांस, उपयोगी पडेल असें वाटून येथें सांगत आहों.

पिंपरी पेंढार हें जुन्नर तालुक्यांतील गांव कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे, म्हणजे हल्लींच्या अहिल्यानगरकडे, जाणाऱ्या हमरस्त्यावर ओतूर व आळेफाटा ह्यांच्या दरम्यान वसलें आहे. मोटारींच्या संबंधांत पिंपरी हें नांव ऐकलें कीं पुण्याशेजारची कारखान्यांची पिंपरी डोळ्यांपुढें उभी राहते. ही ती नव्हे. ही कांद्याची, उंसाची व विहिरींची पिंपरी. आमचें तेथें कांहींच काम नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नगरास आमच्या भाचीचें लग्न होतें, आणि वधूस हाताला धरून बोहल्यावर आणावयाचा मान मामाचा असल्यामुळें वेळेवर पोंचणें आम्हांस प्राप्त होतें. गाडींत आम्ही, आमचें कुटुंब, कॉलेजांत जाणारा मुलगा व एक्याऐंशी वर्षांच्या आत्याबाई. मागें आहेराच्या पेट्या आणि रुखवताचे डबे. गाडी बारा वर्षांची. निघण्यापूर्वीं ती शहरांतील एका दुरुस्तीच्या कारखान्यांत दाखवून "सर्व कांहीं ठीक" असा निर्वाळाहि घेतला होता.

मुरबाड मागें टाकून घाट लागला तेव्हां उन्हें चांगलीच तापलीं होतीं. खिडक्या बंद, एसी चालू, चार माणसांचा व सामानाचा भार, पुढें रखडत चाललेली एक मालट्रक, आणि दुसऱ्या गिअरमध्यें चाललेली चढण. घाटमाथ्याच्या अलीकडे कांट्यानें आपली नेहमींची मधली जागा सोडली. माथ्यावर आम्हीं दहा मिनिटें थांबलों, कांटा उतरला, आम्ही निघालों. ओतूर सोडल्यावर तो पुन्हा चढूं लागला. कोणीं तरी सांगितलेलें आठवून एसी बंद केला व हीटर पुरता उघडला. आश्चर्य असें, कीं त्यांतून गरम वारा येण्याऐवजीं साधाच वारा आला. आणि मग पांचसात मिनिटांत कांटा आपण होऊन झपाट्यानें खालीं आला. आम्हांस वाटलें, माळावरचा वारा लागला, संकट टळलें. इतक्या मूर्खपणाचा आनंद आम्हांस आयुष्यांत क्वचितच झाला असेल. लौकरच इंजिनांतून बारीक कडकड ऐकूं येऊं लागली, गाडी ओढीनाशी झाली, आणि पिंपरी पेंढारच्या वस्तीशीं बॉनेटच्या फटींतून वाफ निघाली.

मुलानें उडी टाकून बॉनेट वर केलें, हातरुमाल गुंडाळून रेडिएटरच्या झाकणावर हात ठेवला, दुसऱ्या हातांत बर्फाच्या पेटींतली पाण्याची बाटली. इतक्यांत रस्त्यापलीकडून आरोळी आली, "ए पोरा, हात काढ! तोंड भाजून घ्यायचंय का?"

आरोळी देणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे होते. पत्र्याच्या छपरांत एक ट्रॅक्टर उघडून बसले होते, तो तसाच टाकून ते आले. पुढें बोलण्यांत कळलें कीं, त्यांचा हात विहिरीवरच्या ऑईल इंजिनांवर बसलेला. पुण्यास किर्लोस्कर ऑईल एंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं निघाली, आणि त्यापुढील काळांत वीज पोंचण्यापूर्वीं महाराष्ट्रांतील कितीतरी मळ्यांवर असल्या इंजिनांची धडधड हाच दिवसाचा आवाज होता. त्या इंजिनास रेडिएटर नसे. पंपानें उपसलेल्या पाण्यांतलेंच थोडें पाणी बारीक नळीनें इंजिनाभोंवतीं फिरून पाटांत पडे. मिस्त्री म्हणाले, "त्या पाण्याखालीं हात धरला कीं इंजिनाची तब्येत कळायची. कोमट आलं तर बरं, कढत आलं तर नळी तुंबली, आलंच नाहीं तर पळत जाऊन इंजिन बंद करायचं." म्हणजे मोटारीचें जें अंग आम्ही लोखंडी गूढ समजत होतों, तें ह्या गृहस्थांनीं बालपणीं पाटाच्या कांठीं बसून हातानें वाचलें होतें.

आतां इंजिन तापतें म्हणजे काय, हें थोडें पाहूं. पेट्रोल जळतें तेव्हां सिलिंडरमधील वायूचें उष्णतामान क्षणभर दोन हजार अंशांच्याहि वर जातें; आणि ज्या अल्युमिनियमचें हेड त्यावर बसविलेलें असतें, तें ६६० अंशांस वितळतें. जाळलेल्या पेट्रोलच्या शक्तीपैकीं स्थूलमानानें चौथा ते तिसरा हिस्साच इंजिनाकडून काम होऊन मिळतो. बाकीचींतली बरीचशी धुराबरोबर जाते, व जवळजवळ तितकीच उष्णता पाण्याला वाहून न्यावी लागते. म्हणजे मोटार ही चालती चूल असून तिच्याभोंवतीं अखंड पाणी फिरत असतें म्हणूनच ती वांचते. पंप तें पाणी फिरवितो. थर्मोस्टॅट नांवाची मेणाच्या गोळीवर चालणारी लहान झडप, इंजिन पुरेसें गरम होईपर्यंत रेडिएटरकडील वाट अडवून धरते व साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान ती उघडते. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातांना पाणी निवतें. आणि गाडी उभी असली किंवा सावकाश चालत असली तर विजेचा पंखा वाऱ्याची उणीव भरून काढतो. हा रेडिएटर सुधारण्याचें मोठें श्रेय जर्मनींतील विल्हेल्म मायबाख ह्यांचें. १९०१ च्या मर्सिडीझ गाडीस त्यांनीं मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसविला. त्यांत ८,०७० बारीक नळ्या होत्या. तोंवरच्या मोटारी पाणी पिऊन पिऊन वाटेवर थांबत. आमच्या लहानपणीं घाटाच्या तोंडाशीं एस्. टी.चा वाहक पाण्याचा डबा घेऊन उतरे, तें दृश्य ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस हें निराळें सांगावयास नको.

मिस्त्रींनीं पहिली गोष्ट केली ती ही, कीं कांहींच केलें नाहीं. पाऊण तास गाडीस कोणी शिवावयाचें नाहीं, असें सांगून त्यांनीं आत्याबाईंसाठीं छपरांत खाट टाकली. आम्ही घड्याळाकडे पाहूं लागलों, तेव्हां त्यांनीं समजाविलें तें असें. रेडिएटरचें झाकण हें साधें झाकण नसून प्रेशर कुकरच्या झाकणाचें भावंड आहे. कुकरप्रमाणेंच तें आंत दाब धरून ठेवतें, त्यामुळें पाणी शंभर अंशांपुढें जाऊनहि उकळत नाहीं. असें झाकण तापल्या वेळीं काढलें, तर दाब एकदम उतरतो आणि तेंच पाणी क्षणांत वाफ होऊन तोंडावर येतें. आणि समजा, झाकण सुखरूप निघालें, तरी तापलेल्या धातूवर बर्फाचें पाणी ओतणें म्हणजे कढत दुधाच्या कांचेच्या पेल्यांत बर्फ टाकण्यासारखेंच. ब्लॉक तडकतो, किंवा हेड वांकडें होतें. अल्युमिनियम हें लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें. जेथें हेड अल्युमिनियमचें व ब्लॉक लोखंडी असतो, तेथें दोहोंमधील गॅस्केटवर हा ताण विशेष पडतो. मिस्त्री म्हणाले, "शंभरातल्या निम्म्या गाड्या रस्त्यावर तापल्या म्हणून मरत नाहींत, तापल्यावर मालकानं केलेल्या उपायानं मरतात." निम्म्या हा त्यांचा हिशेब; आम्हीं तो तपासला नाहीं.

त्या पाऊण तासांत त्यांनीं आमची उलटतपासणी घेतली. वैद्यानें नाडी पाहण्यापूर्वीं विचारावें तसे एकएक प्रश्न. गाडी कुठें तापली, चढावर कीं उभ्या जागीं? शहरांत सिग्नलला तापते काय? सकाळीं निघतांना पांच मिनिटांतच तापली कीं दोन तासांनीं? पाणी शेवटचें केव्हां घातलें, आणि कोणीं? आम्हांस हे प्रश्न आरंभीं वेळ घालविण्याचे वाटले. परंतु निदानाचा अर्धा भाग ह्यांतच आहे. जी गाडी गर्दींत उभी राहून तापते व मोकळ्या रस्त्यावर निवते, तिच्या पंख्याकडे प्रथम पहावें. पंखा, त्याची तार, त्याचा फ्यूज ह्यांपैकीं कांहीं बिघडलेलें असतें. जी उलट चढावर किंवा वेगानें जातांना तापते, तिच्यांत पाणी कमी आहे, किंवा रेडिएटर आंतून गाळानें अथवा बाहेरून धुळीनें तुंबला आहे, किंवा पंप पाणी पुरेसें ढकलीत नाहीं. जी सकाळीं चालूं होतांच पांचदहा मिनिटांत तापते, तिचा थर्मोस्टॅट मिटलेल्या स्थितींत अडकला असण्याचा संभव मोठा, अथवा त्याहून वाईट म्हणजे हेड गॅस्केट फुटून जळता वायु पाण्यांत शिरत असतो. ह्या मुलखांत चौथें एक कारण मिस्त्री नेहमीं पाहतात. मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या रेडिएटरवर भुसा व कस्पटें अशीं बसतात कीं वारा आंत जाऊंच शकत नाहीं. तेव्हां इंजिन उघडण्यापूर्वीं मागच्या बाजूनें पुढें हवा मारून जाळी साफ करावी, बहुधा तेवढ्यावर भागतें.

मग त्यांनीं विचारलें, "हीटर लावला म्हणतां, तर गरम वारा आला का गार?" आम्ही म्हणालों, गार. मिस्त्रींनीं मान हालविली. "मग आंत पाणीच नव्हतं."

ही गोष्ट आम्हांस अगदीं नवीन होती. हीटर म्हणजे दुसरा लहानसा रेडिएटरच. इंजिनाचें गरम पाणी त्यांतून फिरतें व त्याची ऊब आपल्या अंगावर येते. म्हणूनच कांटा चढूं लागतांच हीटर पूर्ण उघडणें हा खरोखरच चांगला उपाय आहे, मग वैशाखांत घाम कितीहि येवो. परंतु इंजिन तापलेलें असतां हीटर गार वारा देऊं लागला, तर त्याचा अर्थ पाणी तेथपर्यंत पोंचत नाहीं. आणि कांट्याचें खालीं येणें, ज्याचा आम्हांस एवढा आनंद झाला होता? कांटा हलविणारी मोजणी पाण्यांत बुडालेली असावी लागते. पाणी इतकें उतरलें कीं ती उघडी पडली, तर ती धातूचें नव्हे, भोंवतालच्या हवावाफेचें उष्णतामान सांगूं लागते, आणि कांटा लबाडीनें उतरतो. रोग्याचा ताप उतरून हातपाय गार पडावे, तसला हा उतार. त्या क्षणीं जो थांबतो त्याची गाडी बहुधा वांचते. आम्ही त्यानंतर दोनतीन मैल चाललों होतों. हल्लींच्या पुष्कळ नव्या गाड्यांत कांटाच नसतो, केवळ निळा व तांबडा असे दोन दिवे असतात. तांबडा लागला कीं पुढच्या सावलीपर्यंत नव्हे, रस्त्याच्या कडेस तेथेंच थांबावें, असें मिस्त्रींचें म्हणणें. तें आम्हांस पूर्ण मान्य आहे, निदान आतां.

पाऊण तासानें त्यांनीं ओलें गोणपाट चौपदरी करून झाकणावर ठेवलें, प्रथम तें एका खांचेपुरतें फिरवून उरलीसुरली वाफ जाऊं दिली, मग काढलें. आंत पाणी दिसेना. इंजिन निवल्याची पुन्हा खात्री करून, तें सुरू ठेवून, साधें पाणी सावकाश ओतलें. जवळजवळ तीन लिटर मावलें. आतां प्रश्न हा, कीं तें गेलें कोठें? गाडीखालीं वर्तमानपत्र पसरलें, त्यावर थेंब पडला नाहीं; म्हणजे नळी फुटलेली नाहीं, पंप गळत नाहीं. तेल मोजावयाची पट्टी काढून पाहिली. इंजिनांतल्या तेलांत पाणी मिसळलें, तर तें दुधाच्या चहासारखें गढूळ होतें. आमचें काळें पण स्वच्छ होतें. मागच्या नळींतून पांढऱ्या धुराचे लोट निघतात काय, हें पाहिलें, नाहींत. झाकण उघडेंच ठेवून पाण्याकडे पाहत बसलों. आरंभीं अडकलेल्या हवेचे चार बुडबुडे आले व थांबले. हे बुडबुडे एकसारखे येत राहिले असते, तर हेड गॅस्केट गेल्याचें तें प्रमाण ठरलें असतें, व आम्हांस लग्नास एस्. टी.नें जावें लागलें असतें. आम्ही ते पाहत होतों तेव्हां आमच्या मनाची काय स्थिति होती, तें लिहीत नाहीं.

मिस्त्री मात्र शांतपणें रेडिएटरच्या दोन नळ्यांवर हाताची पाठ टेकवीत होते. वरची नळी इंजिनांतून गरम पाणी आणते, खालची निवालेलें परत नेते. प्रथम वरची तापली. खालची गारच होती. दोन्ही अशाच राहिल्या असत्या तर थर्मोस्टॅट उघडत नाहीं किंवा रेडिएटर तुंबला, असें ठरलें असतें. कांहीं वेळानें खालचीहि ऊन झाली. "हा गडी निर्दोष," मिस्त्री म्हणाले. येथें त्यांनीं एक गोष्ट आवर्जून सांगितली. आपला देश गरम, म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकावा, अशी कित्येक कारागिरांची रीत आहे. त्यानें इंजिन नेहमींच अर्धवट गार चालतें, पेट्रोल अधिक खातें व लौकर झिजतें. दोष झडपेंत असेल तर झडप बदलावी. मग पंखा आपण होऊन सुरू झाला, तोहि सुटला. राहिलें कोण?

झाकण बसवून गाडी पुन्हा पुरती गरम होऊं दिली, आणि फडकें घेऊन मिस्त्रींनीं वरची नळी चिमटींत दाबली. ती मऊ होती, सहज दबली. "आतां हिनं दगडासारखं व्हायला पाहिजे होतं," ते म्हणाले. इंजिन पुन्हा निवल्यावर झाकण काढून त्यांनीं तें उन्हांत धरलें. आंतील रबराची चकती जुनी होऊन कडक झाली होती व तिला नखाएवढी चीर होती. झाकणाच्या भोंवतीं पांढरे क्षाराचे ओघळ वाळलेले होते, ते आम्हीं इतके दिवस पाहूनहि पाहिले नव्हते.

खाटेवरून आत्याबाई म्हणाल्या, "अरे, मग ह्यांत एवढं शोधायचं काय होतं? कुकरची रिंग सैल झाली कीं शिटी होत नाहीं, पाणी मात्र सगळं निघून जातं आणि डाळ खालीं करपते. तुझं तेंच झालं." मिस्त्री हंसले व म्हणाले, "आजी, एवढंच झालं बघा."

खरोखर एवढेंच झालें होतें. आणि त्याचें गणित अभ्यासण्यासारखें आहे. पाणी शंभर अंशांस उकळतें तें समुद्राच्या कांठीं. सुमारें तीनशें मीटर वर गेलें कीं हा अंक एकानें उतरतो. जुन्नरचा हा पठारी भाग जवळजवळ सातशें मीटर उंच, तेव्हां येथें उघडें पाणी साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतें. झाकण चांगलें असेल तर तें हवेहून सुमारें पाऊणपट ते एकपट अधिक दाब धरून ठेवतें, व उकळीचा बिंदु एकशें पंधराच्याहि वर जातो. चालकास वीस अंशांची मोकळीक मिळते. आमचें झाकण दाब धरीत नव्हतें. पंखा सुरू होतो तो बहुतेक गाड्यांत पंचाण्णवच्या आगेमागें. म्हणजे पंखा जागा होतो न होतो तोंच पाणी उकळावयास लागलेलें. कोंकणांत, सपाटीवर, ही गाडी कशीबशी चालून गेली. घाटाची चढण व घाटमाथ्याची उंची ह्या दोहोंनीं मिळून तिला उघडें पाडलें. आणि झाकणाचें दुसरें एक काम आहे तें लोक जाणत नाहींत. गरम पाणी फुगून बाजूच्या बाटलींत जातें. इंजिन निवतांना आंत पोकळी होऊन तेंच पाणी परत ओढलें जातें. रबराला चीर असल्यावर पाण्याऐवजीं बाहेरची हवा ओढली जाते. आम्ही घाटमाथ्यावर थांबून जी विश्रांति दिली, तिनें गाडी निवाली खरी, परंतु प्रत्येक निवण्यागणिक आंतील पाण्याची जागा हवेनें घेतली.

निघण्यापूर्वीं आम्हीं ज्या कारखान्यास गाडी दाखविली होती, तेथें कूलंटऐवजीं नळाचें पाणी भरलेलें असावें, हें झाकणावरील पांढऱ्या क्षारावरून मिस्त्रींनीं ओळखलें. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखांतील विहिरींचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. ज्या घरांत अजून तांब्याचा बंब आहे तेथील गृहिणीस विचारावें. आंत बसणारा पांढरा थर दरसाल खरवडावा लागतो. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला तर तो खरवडणार कोण? कूलंट म्हणजे पाणी व इथिलिन ग्लायकॉल ह्यांचें मिश्रण, व त्यांत गंज न चढूं देणारीं द्रव्यें. तें पाण्याहून अधिक उष्णतामानास उकळतें. मात्र गृहस्थाश्रमी लोकांस एक इशारा देणें आवश्यक आहे. इथिलिन ग्लायकॉल चवीस गोड असून भयंकर विषारी आहे; मूत्रपिंडें निकामी करतें. उरलेलें कूलंट सरबताच्या बाटलींत भरून फळीवर ठेवणें, किंवा अंगणांत सांडलेलें तसेंच राहूं देणें, हें मुलांच्या व घरच्या मांजराकुत्र्यांच्या जिवावर बेतणारें आहे.

नवें झाकण व कूलंट आणावयास मिस्त्रींनीं आपल्या नातवास मोटारसायकलीवर आळेफाट्यास धाडलें. झाकणाची किंमत एका जेवणाच्या थाळीहून फारशी अधिक नव्हती. तें येईतों ऊन उतरलें. आम्ही जरा पाय मोकळे करावे म्हणून उंसाच्या बांधाकडे निघालों, तेव्हां मिस्त्रींनीं परत बोलाविलें. जुन्नर तालुक्यांतील उंसांत राहणारे बिबटे ही कांहीं पाहुण्यांस भिववावयाची गोष्ट नव्हे, त्यांच्यासाठीं माणिकडोह येथें निवारा केंद्र चालवावें लागतें. जुनें पाणी सोडून कूलंट भरलें, नवें झाकण बसविलें, गाडी गरम केली. ह्या वेळीं वरची नळी चिमटींत दबेना. मिस्त्रींनीं बाजूच्या बाटलीवर खडूनें एक रेघ ओढली व बजावलें कीं, गाडी इतकी तापल्यावर गॅस्केटला आंतून दुखापत झाली असेल तर ती आज दिसणार नाहीं. दोनतीन दिवस रोज सकाळीं गाडी गार असतांना ही रेघ पाहावी, आणि पाणी रेघेखालीं गेलें असेल तर पुढें चालवूं नये. मजुरी त्यांनीं वाजवी घेतली. आत्याबाईंनीं रुखवतांतला एक डबा उघडून त्यांच्या घरीं लाडू दिले, त्याबद्दल पुढें नगरास आम्हांस बोलणीं खावीं लागलीं तें असो.

रात्रीं आम्ही सावकाश, एसी न लावतां गेलों. कांटा मध्यावरून हलला नाहीं. परंतु कांट्यावरचा आमचा विश्वास आतां पूर्वीसारखा राहिला नव्हता, म्हणून मधून मधून हीटर उघडून गरम वारा येतो काय हें पाहत होतों, आणि मागच्या बांकावरून आमच्या कुटुंबाची त्यावर टीका चालली होती. दुसऱ्या दिवशीं मंगलाष्टकें झालीं, अक्षता पडल्या, भाचीस आम्हींच बोहल्यावर आणलें. त्यापूर्वीं, पहाटे, मांडवांत सनई लागण्याच्याहि आधीं, सोंवळें नेसलेल्या स्थितींत आम्ही कार्यालयाच्या मागच्या आवारांत गेलों व बॉनेट वर केलें. पाणी खडूच्या रेघेशीं होतें.